सरमिसळीची संध्याकाळ

आधी बातम्या, मग विनोदी मालिका, तिच्यामागून वन्यजीवनावरचा माहितीपट, नंतर नाटक, एखाद्या रात्री सिम्फनी. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरचा हा क्रम ब्रिटिश प्रेक्षकांच्या इतका अंगवळणी पडला की, तो कोणी मुद्दाम बांधला असेल असे सहसा मनात येत नाही. वेळ भरून काढायचा होता, म्हणून हाती लागले ते एकापुढे एक लावले, असाच समज होतो. तो चुकीचा आहे. ही सरमिसळ विचारपूर्वक घडवलेली होती आणि तिचे मूळ पडद्याहून जुने, रेडिओच्या परवाना शुल्कात आहे.

१९२२ मध्ये बीबीसीचे रेडिओ प्रसारण सुरू झाले ते जाहिरातींशिवाय. रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक घराने वर्षाला सरसकट १० शिलिंग भरायचे, मग ते घर खाणकामगाराचे असो की प्राध्यापकाचे. पैसे सगळ्यांचे, तेव्हा कार्यक्रमांत वाटाही सगळ्यांचा, हे ओघाने आलेच. पण बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ याच्याही पुढे गेले. प्रत्येकाला त्याच्या आवडीचे वेगळे पान मांडण्याऐवजी त्यांनी सगळ्यांना एका पंगतीत बसवले. नृत्यसंगीतासाठी रेडिओ लावणाऱ्याच्या कानावर विज्ञानाचे व्याख्यान पडावे आणि व्याख्यानाच्या श्रोत्याला विनोदी प्रहसनाची गोडी लागावी, असा त्यामागचा हेतू होता. म्हणून सुरुवातीच्या काळात कार्यक्रमांच्या वेळा सहसा ठरावीक ठेवत नसत आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये काही काळ शांतता सोडली जाई. श्रोत्याने लक्ष देऊन ऐकावे, सवयीने एकाच चाकोरीत अडकू नये, यासाठी ही व्यवस्था होती.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली, तेव्हा हीच दृष्टी तिच्याकडे वारशाने आली. प्रसारण दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊ ते दहा, एवढेच. रविवारी तेही नाही. तरी पहिल्याच दिवशी उद्घाटनाची भाषणे, वृत्तचित्र, अॅडेल डिक्सन यांचे गाणे, चिनी कसरतपटू आणि ‘बक अँड बबल्स’ ही अमेरिकी जोडी, असे सगळे दाखवले गेले. रात्रीच्या तासात ‘पिक्चर पेज’ हा कार्यक्रम होता. त्यात जोन मिलर ही अभिनेत्री टेलिफोन ऑपरेटर होऊन स्विचबोर्डापुढे बसे. तिने तार जोडली की एक पाहुणा पडद्यावर येई, काही मिनिटे बोले आणि जाई. पुन्हा तार जोडली की भलत्याच क्षेत्रातला दुसरा. ज्यांची एरवी कधी गाठ पडली नसती अशी माणसे एकाच ओळीत आणून बसवणे, ही युक्ती पुढे अख्ख्या संध्याकाळीने उचलली.

यावर पहिला आक्षेप असा की, वाहिनी एकच होती, म्हणून मिश्रण करावे लागले. त्यात तत्त्व कसले? पण वाहिन्या वाढल्यावर काय झाले ते पाहावे. युद्धानंतर रेडिओचे तीन भाग झाले. हलक्याफुलक्या कार्यक्रमांची ‘लाइट’ सेवा १९४५ मध्ये आली, अभिजात संगीत आणि विचारांसाठीची ‘थर्ड’ १९४६ मध्ये, आणि मध्ये ‘होम’. श्रोते पायरीपायरीने वर चढतील, अशी महासंचालक विल्यम हेली यांची अपेक्षा होती. ती फळली नाही. बहुतेक जण आपापल्या पायरीवरच राहिले आणि ‘थर्ड’चे श्रोते मूठभरच उरले. दूरचित्रवाणीवरही असा प्रयोग झाला. १९६४ मध्ये बीबीसी-२ सुरू करताना मायकल पीकॉक यांनी सात वारांना सात चेहरे दिले: मंगळवार शिक्षणाचा, बुधवार पुनःप्रक्षेपणाचा, अशी वाटणी. ती लवकरच मोडीत निघाली. या वाहिनीसाठी नवा संच घ्यावा लागे, त्यामुळे प्रेक्षक मुळातच कमी होते, हे खरे. तरीही ज्याला मंगळवारचे शिक्षण नको त्याची अख्खी संध्याकाळ या वाटणीत हातची जात होती. १९६५ पासून डेव्हिड अॅटनबरो यांच्या काळात वैविध्य हेच वाहिनीचे धोरण झाले. केनेथ क्लार्क यांची पाश्चात्त्य कलेवरची ‘सिव्हिलायझेशन’ आणि स्नूकरचा ‘पॉट ब्लॅक’ एकाच वर्षी, १९६९ मध्ये, तिथे दाखल झाले. जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीवरही मिश्र संध्याकाळ असे, म्हणजे शुल्काचा संबंध नाही, असेही कोणी म्हणेल. पण आयटीव्हीला जन्म देणाऱ्या १९५४ च्या कायद्यानेच विषयांचा समतोल बंधनकारक केला होता. बीबीसीने घालून दिलेला दंडक संसदेने दुसऱ्यालाही लागू केला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना काय हवे ते वरच्यांनी का ठरवावे? रीथ यांच्या सोवळ्या रविवारांना कंटाळून असंख्य श्रोते १९३० च्या दशकात रेडिओ लक्झेंबर्गच्या नाचगाण्यांकडे वळले, ही वस्तुस्थिती आहे. पण त्या रविवारी सरमिसळच नव्हती. गंभीर तेवढे ठेवून हलके वगळले होते. लोकांनी पाठ फिरवली ती एकसुरीपणाकडे.

या कुळाची एक शाखा आपल्याकडेही आली. बीबीसीतले लायनेल फील्डन १९३५ मध्ये भारतातल्या प्रसारणाचे प्रमुख झाले, त्यांच्या कारकिर्दीत ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडले आणि त्याच संस्थेच्या पोटी दूरदर्शन जन्मले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्रावर ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ आणि ‘छायागीत’ हे सारे एकाच वाहिनीवर नांदत होते. शहरातल्या घरांत त्यामुळे पिकांवरच्या किडीची चर्चाही पोहोचली.

आता प्रेक्षक हवे ते हव्या त्या वेळी पाहतो आणि पाहिलेल्यासारखेच आणखी त्याच्यापुढे येत राहते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, ते कोणी हिरावू नये. पण निवड करायला आधी ती गोष्ट आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देण्याचे काम मिश्र संध्याकाळ करत आली. सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारकाने हे काम सोडले, तर सर्वांकडून पैसे घेण्याचे कारणही त्याच्यापाशी उरणार नाही.