फलन अक्षांना कुठे छेदते : प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी लावलेल्या घरचा हिशेब सुरू होतो तोच उणे बाजूने. दोन एकरांत बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी यांत ४२,००० रुपये गेले असे धरू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वेचणी आणि वाहतुकीचे १,११० वजा धरले, तर क्विंटलमागे ७,००० हाती येतात. क्ष क्विंटल कापूस झाला तर उरणारी रक्कम अशी :

फ(क्ष) = ७०००क्ष − ४२०००

इथला कंस गुणाकाराचा नाही. तो गुणाकाराचा समजून विद्यार्थी फ ला क्ष ने गुणून मोकळे होतात, आणि पुढचे सगळेच बिघडते. कंसात जी संख्या ठेवाल तिच्यावर नियम चालवायचा, एवढाच त्याचा अर्थ. ऑयलरने १७३०च्या दशकात ही लेखनपद्धत वापरली; तिची सोय अजून टिकून आहे.

आता य-अक्षावरचा छेद हवा असेल तर फ(०) काढा : −४२,०००. बोंड फुटण्याआधीच मातीत गेलेला पैसा तो हाच. क्ष-अक्षावरचा छेद हवा असेल तर फ(क्ष) = ० सोडवा : क्ष = ६. सहा क्विंटलला खर्च निघाला, सातव्यापासून कमाई. राळेगाव-वणीकडे हे उत्तर समजायला आलेख काढावा लागत नाही.

फ(०) आणि फ(क्ष) = ० ही दोन लेखने दिसायला सख्खी भावंडे, काम मात्र निराळे. पहिल्यात संख्या दिलेली असते, किंमत काढायची. शून्य त्या नियमात बसत असेल तर उत्तर एकच. दुसऱ्यात किंमत दिलेली असते आणि संख्येपर्यंत उलटे जायचे असते. तिथे उत्तरे एक, अनेक किंवा एकही नाही. या विषयाची सारी गंमत, आमच्या मते, या उलट्या वाटेवर आहे.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले एक उदाहरण पाहा. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. एकूण किती? मांडणी केली की फ(क्ष) = क्ष² − ५५क्ष + २५० मिळते. य-अक्षावर छेद २५०, क्ष-अक्षावर ५ आणि ५०. भास्कराचार्य ५० घेतात, ५ सोडतात. कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले तर उणे दोन, आणि उणे दोन माकडे कुणी पाहिली आहेत? वर्ग केल्यावर ती उणे खूण पुसली जाते, म्हणून समीकरणाला पाचही चालतात. आलेखावरचा प्रत्येक छेद प्रश्नाचे उत्तर असतोच असे नाही, हे बाराव्या शतकात इतके नेमके सांगितलेले आहे.

रेषेचा छेद एका भागाकारात मिळतो, वर्गसमीकरणाला सूत्र आहे, घनसमीकरणाचे कार्दानोने १५४५ मध्ये छापले. पाचव्या घाताला मात्र मुळांच्या चिन्हांत बसणारे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवले. म्हणून शेवटच्या प्रकरणात सूत्र नाही. तिथे फ(१) उणे, फ(२) अधिक आणि आलेख अखंड, इतके पाहून छेद १ आणि २ यांच्यामध्ये पकडायचा व ते अंतर निम्मे-निम्मे करत जायचे. सोबत साधा कॅल्क्युलेटर ठेवावा.