तंजावर : नगरदर्शन

तंजावर : (नगरदर्शन). तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे नगर चोळ, नायक आणि मराठे या तीन घराण्यांची राजधानी होते, आणि या तिन्ही राजवटींच्या मुख्य वास्तू परस्परांपासून पायी जाता येईल इतक्या जवळ आहेत. बहुतेक प्रवासी मंदिर पाहून लगेच कुंभकोणमकडे निघतात; त्यामुळे निम्मे तंजावर न पाहिलेलेच राहते.

फेरीचा क्रम उन्हाने ठरतो. बृहदीश्वर मंदिर दुपारी काही तास बंद असते आणि फरसबंद प्रांगण अनवाणी पायांना चटके देते, म्हणून सकाळी लवकर तेथे जावे, दुपार राजवाड्याच्या सावलीत घालवावी आणि उतरत्या उन्हात पुन्हा मंदिरात यावे. पहिल्या राजराज चोळाने बांधविलेले हे ग्रॅनाइटचे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गर्भगृहावरील शिखर, सु. ६० मीटर उंच असून त्यापुढे गोपुरे, म्हणजे प्रवेशद्वारांवरील मनोरे, ठेंगणी दिसतात. पुढील काळातील दाक्षिणात्य मंदिरांत हे प्रमाण उलटे झाले. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे वाटाडे सांगतात. संध्याकाळच्या फेरीत ती प्रांगणात लांबवर पसरलेली दिसते. मंदिराच्या पायथ्यालगतच्या तमिळ शिलालेखांत दाने, दिवे आणि सेवक यांच्या नोंदी असून, देवळाच्या सेवेसाठी आणून वसविलेल्या ४०० नर्तकींची यादीही त्यांतच आहे.

प्रदक्षिणा करताना नैर्ऋत्येस, गणपतीच्या देवळाच्या बाजूला, मराठी वाचकाने अवश्य थांबावे. तेथील भिंतीवर तंजावरचा मराठा राजा दुसरा सरफोजी याने १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेखांपैकी हा एक होय. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोळांच्या आवारात मराठी वंशकथा दगडावर वाचायला मिळणे हा अनुभव अन्यत्र दुर्मीळ आहे. व्यंकोजी भोसल्यापासून सुरू झालेली ही मराठा राजवट १८५५ मध्ये संपुष्टात आली, पण सरफोजीच्या काळीच, १७९९ च्या तहानंतर, प्रत्यक्ष राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता.

मंदिरालगतच्या शिवगंगा उद्यानाजवळ १७७९ चे श्वार्ट्झ चर्च आहे. मृत्युशय्येवरील मिशनरी श्वार्ट्झला भेटणारा सरफोजी तेथील संगमरवरी शिल्पात दिसतो. तेथून जुन्या पेठांतून राजवाड्याकडे जावे. मूळच्या नायककालीन वाड्यात मराठ्यांनी भर घातली. रंगविलेला दरबार महाल आणि चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन पाहताना घाई करू नये. वाड्याच्याच आवारातील, सरफोजीने वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे, संस्कृत, तमिळ व मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. सर्वसामान्य प्रवाशास केवळ संग्रहालयाचे दालन पाहता येते, तरी तेवढ्यावरूनही सरफोजीच्या वाचनाचा आवाका कळतो.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ या पायी फेरीस सर्वांत सुखावह असतो.