पाहुण्यांचा वैद्य

परदेशचा क्रीडासंघ आपल्या गावी सामने खेळावयास येतो, तेव्हा त्याच्याबरोबर कप्तान येतो, व्यवस्थापक येतो, तसा बहुधा एक वैद्यही येतो. कप्तानाने आपल्या गड्यांना काय हुकूम द्यावा, हे पाहण्याचे यजमान देशाच्या सरकारला काही कारण नाही. वैद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. मैदानावर एखाद्या गड्याचा खांदा निखळला आणि त्या वैद्याने तो बसवला, की त्याने आपल्या देशात वैद्यकी केली असे होते. आणि ज्याचे नाव येथील नोंदवहीत नाही त्याने येथे वैद्यकी करू नये, असा आपला कायदा आहे. मग त्या पाहुण्या वैद्याने हात बांधून स्वस्थ बसावे काय? वैद्याचा अधिकार त्याच्या रोग्याबरोबर प्रवास करतो, की ज्या भूमीत तो मिळाला त्या भूमीतच राहतो? वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाला आपल्या पुणे शहरात सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

बुधवार पेठेत नाना फडणविसांचा वाडा आहे. या नानांशी राजकारण करण्यासाठी इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुण्यास आला. वकिलातीची वस्ती मुळा-मुठेच्या संगमावर पडली. परक्या दरबारात राहावयास आलेली ही मंडळी आपला शस्त्रवैद्य बरोबर बाळगीत असत. या वैद्याची पदवी कोणती, परीक्षा कोणी घेतली, हे विचारणारी कचेरी तेव्हा पुण्यात नव्हती. ज्या धन्याच्या पदरी वैद्य असे त्या धन्याच्या नावावर त्याची वैद्यकी चाले. आपल्याकडेही फौजेबरोबर मजल-दरमजल करणारा वैद्य किंवा कुस्तीच्या फडाला पठ्ठ्यांबरोबर जाणारा वस्ताद याच न्यायाने वागत आला. निखळलेले हाड बसवण्यासाठी वस्तादाला गावच्या पाटलाची परवानगी लागत नसे. पठ्ठ्याचा त्याच्यावर विश्वास असला म्हणजे पुरे. वैद्याचा अधिकार रोग्याबरोबर चालतो, हे मत त्या काळी कोणी लिहून ठेवले नव्हते; परंतु व्यवहार त्याच मताने चालत होता.

त्या व्यवहाराचा एक विलक्षण प्रसंग याच काळातला आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा वैद्य विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, एवढेच त्याच्याविषयी लिहिलेले आढळते. त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या नोकरीतील दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी ही शस्त्रक्रिया समक्ष पाहिली. तिचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापला गेला, आणि तो वाचून १८१४ साली जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातले मर्म असे आहे, की रोगी पाहुण्यांच्या पक्षाचा होता, पाहुण्यांचे वैद्य शेजारी उभे होते, आणि तरीही शस्त्र हाती धरले ते यजमान देशातल्या माणसाने. कोणाचे नाव कोणत्या वहीत आहे हा प्रश्नच तेथे उद्भवला नाही.

हा मोकळा व्यवहार सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. ज्या मोकळीकीत कावसजीला नाक मिळाले, त्याच मोकळीकीत भोंदू माणसालाही शस्त्र चालवता येत होते. म्हणून १८५८ साली ब्रिटिश पार्लमेंटने वैद्यकाचा कायदा करून नोंदवही सुरू केली, आणि तिच्यावर देखरेख करण्यासाठी एक मंडळ नेमले. पात्र कोण व अपात्र कोण हे सामान्य माणसाला ओळखता यावे, हा त्या कायद्याचा हेतू होता. आपल्या इलाख्यात ही कल्पना बऱ्याच उशिरा आली. बुधवारातून फडके हौदाकडे जाताना बाहुलीचा हौद पाहिला म्हणजे तो बांधणाऱ्या डॉ. विश्राम रामजी घोले यांची आठवण होते. घोले हे नामांकित शस्त्रवैद्य. व्हाइसरॉयचे मानद शस्त्रवैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. परंतु त्यांच्या हयातीत मुंबई इलाख्याला वैद्यांची नोंदवही नव्हती. ती आली १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने. या कायद्यानेही बिननोंदीच्या माणसाला वैद्यकी करण्यास सरसकट मनाई केली नाही. कायद्याला ग्राह्य असा दाखला देण्यासारखे काही हक्क तेवढे नोंदलेल्यांसाठी राखून ठेवले. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदीची व्यवस्था १९३८ च्या कायद्याने झाली.

आता क्रीडेकडे वळू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला क्रिकेटसंघ विलायतेस गेला. पुण्याच्या मैदानावर गोलंदाजी शिकलेल्या पाळवणकर बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच संघात मुंबईचे डॉ. होरमसजी कांगा हे खेळाडू होते. सालाकडे लक्ष द्या. ज्या देशात हा संघ उतरला तेथे नोंदवही सुरू होऊन अर्धशतक उलटले होते, आणि ज्या इलाख्यातून डॉक्टर निघाले तेथे ती अजून अस्तित्वातच यावयाची होती. कांगा बॅट घेऊन गेले होते. त्यामुळे कायद्याने त्यांना काही विचारण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु संघाबरोबरच्या डॉक्टराचा प्रश्न तेथे बीजरूपाने उपस्थित होता. पुढे १९२० साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटांच्या खटपटीने सहा खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. खेळाडू राष्ट्राच्या नावाने सीमा ओलांडू लागले, तसा त्यांच्या सेवकवर्गाचा प्रश्नही राष्ट्राराष्ट्रांतला प्रश्न होऊ लागला.

तो किती नाजूक आहे हे लौकरच दिसून आले. १९३० साली ब्रिटिश मंडळाने हिंदुस्थानातील वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. येथील प्रसूतिशास्त्राचे शिक्षण पुरेसे नाही, अशी तक्रार होती. त्या घटनेने आपल्या सुशिक्षित वर्गाला मोठा धक्का बसला, आणि १९३३ साली हिंदी वैद्यक मंडळाचा कायदा होऊन देशाने आपल्या पदव्यांची परीक्षा स्वतः करण्याचे ठरवले. तेव्हापासून परस्परता हे तत्त्व दृढ झाले: तुम्ही आमच्या पदवीला मान द्या, आम्ही तुमच्या पदवीला देऊ. पदव्यांच्या बाबतीत हे न्याय्यच आहे. परंतु ज्याला आठ-पंधरा दिवस राहून केवळ आपल्याच गड्यांची शुश्रूषा करावयाची आहे, त्याच्यासाठी दोन देशांमधील पदव्यांचा वाद मिटेपर्यंत थांबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा भारतीय वैद्यक मंडळाचा कायदा आला. त्याने देशांतर्गत प्रश्न चांगला सोडवला. अखिल भारतीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याला भारताच्या कोणत्याही भागात वैद्यकी करता येईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अमेरिकेत वैद्यकीचा परवाना राज्याराज्याचा निराळा असतो. तेथे संघाबरोबर शेजारच्या राज्यात गेलेल्या डॉक्टराला आपला परवाना व विमा लागू पडेल की नाही, ही चिंता २०१८ पर्यंत वाहावी लागली; त्या साली झालेल्या विमानवाहतुकीच्या एका मोठ्या कायद्यात क्रीडावैद्यांविषयीचे कलम घालून ती दूर करण्यात आली. परदेशी पाहुण्याच्या बाबतीत मात्र आपला १९५६ चा कायदा अपुरा होता. परस्परमान्यता नसलेल्या देशाच्या पदवीधराला १४ व्या कलमाखाली तात्पुरती परवानगी मिळे, ती अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय काम यांसाठी, आणि तीही ज्या संस्थेत तो काम करी तिच्यापुरती. क्रीडासंघाचा डॉक्टर शिकवावयास येत नाही, संशोधनास येत नाही आणि धर्मार्थही येत नाही. हा कायदा अमलात असतानाच १९९६ साली पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला हरवले, आणि २००८ च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धांसाठी ७१ संघ बालेवाडीस उतरले. खेळ जगाचा झाला होता. कायद्याची भाषा मात्र इस्पितळाच्या चार भिंतींत राहिली होती.

इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी, १९९७ सालीच, अशा विशेष प्रसंगांसाठी पाहुण्या वैद्यांना सवलत देणारा कायदा केला. ब्रिटनच्या कायद्यात, जो वैद्य केवळ परदेशी नागरिकांचीच सेवा करणार आहे, त्याच्यासाठी विशिष्ट प्रयोजनापुरती नोंद करण्याची सोय आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात तर सीमारेषा फारच चांगली आखली आहे: संघाच्या डॉक्टराने आपल्या संघाच्या माणसांना उपचार करावेत, पण दुसऱ्या राज्यातील इस्पितळात रोग्याला नेले, की तेथे या सवलतीचे संरक्षण नाही. या सर्वांचे सार एकच आहे. पाहुण्या वैद्याला दार उघडावे, पण ते अरुंद असावे. त्याने फक्त आपल्याच माणसांवर उपचार करावेत, ठरलेल्या मुदतीतच करावेत, आणि इस्पितळाच्या उंबरठ्याशी थांबावे.

आपल्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याने हे दार तत्त्वतः उघडले आहे. स्वदेशात नोंद असलेल्या परदेशी नागरिकाला नियमांनी ठरेल त्या मुदतीसाठी व त्या रीतीने तात्पुरती नोंद देता येईल, असे त्यात म्हटले आहे. येथे अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय अशा हेतूंचे बंधन शब्दांत राहिलेले नाही. त्याच कायद्यात बिननोंदीच्या वैद्यकीस एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. तेव्हा पाहुण्या डॉक्टराचे काम यजमानाच्या सौजन्यावर सोडून देण्यासारखे खचितच नाही.

कोणी म्हणेल, ही सारी कागदपत्रांची दगदग कशाला? खेळाडूंच्या डॉक्टरास सरसकट सूट द्यावी. याला उत्तर असे, की नियम डॉक्टराला जाचण्यासाठी नसून, ज्याच्या अंगावर उपचार होतो त्याच्यासाठी आहे. तरुण खेळाडू परक्या देशात असतो. जिंकण्याची घाई त्याच्या संघाला असते, आणि सुई टोचून त्याला मैदानात उभे करण्याचा मोह त्याच घाईतून उत्पन्न होतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील राष्ट्रकुल सामन्यांत सुयांविषयीच्या नियमाचा भंग झाला म्हणून भारतीय संघाच्याच एका डॉक्टरास लेखी ताकीद मिळाली. आजारी खेळाडूला जीवनसत्त्वाची सुई दिली, एवढेच त्यात घडले होते. तरी कोणती वस्तू कोठे व कशी वापरावी याचा जाब विचारणारा कोणी तरी असलाच पाहिजे. उलट पक्षी, अतिकडक नियमाने डॉक्टराचे हात बांधले, तर रोग्याची प्रकृती, पूर्वीची दुखापत आणि औषधाचे वावडे हे सारे ज्याला ठाऊक आहे तोच माणूस निरुपयोगी होतो, आणि अनोळखी डॉक्टराला अनोळखी भाषेत सर्व काही पहिल्यापासून विचारावे लागते. दोन्हीकडे धोका खेळाडूलाच आहे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना थोडेथोडे मान देऊनच द्यावे लागते. वैद्याचे ज्ञान आणि रोग्याचा त्याच्यावरील विश्वास ही दोन्ही प्रवास करतात. जबाबदारी मात्र जेथे उपचार होतो त्या भूमीलाच बांधलेली असते. यजमानाने सामन्यांच्या तारखा ठरवताना पाहुण्यांच्या डॉक्टराची नोंद, त्याच्या पेटीतील औषधांची यादी आणि जवळच्या इस्पितळातील जबाबदार डॉक्टराचे नाव ही तीन कामे आधीच पुरी करावीत. संघाबरोबर येणाऱ्या अंगमर्दक आणि व्यायामोपचारक यांनाही हाच न्याय लावावा, कारण दुखऱ्या स्नायूवर पहिला हात बहुधा त्यांचाच पडतो.

संगमावरच्या वकिलातीचे दिवस गेले. आज आपल्या शहरात येणारे पाहुणे राज्य मागावयास येत नाहीत, खेळावयास येतात. त्यांच्या गड्यांची काळजी त्यांच्या वैद्याने घ्यावी आणि त्या वैद्याच्या कामाची जबाबदारी आपल्या कायद्याने जाणावी, यातच यजमानपणाची खरी रीत आहे.