पन्नास पेन्सांची मैफल

मँचेस्टर हें नांव मराठी माणसाच्या कानावर आलें तें कापडाच्या निमित्तानें. १९०५ सालीं पुण्यास विलायती कापडाची होळी पेटली, तेव्हां विलायती कापड म्हणजे मँचेस्टरचा माल असें समीकरणच लोकांच्या मनांत बसलेलें होतें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या शहराचे माग थंडावले, गिरण्यांच्या इमारती ओस पडल्या, आणि ज्यांच्या आजोबांनीं तेथें सूत कातलें त्यांच्या नातवंडांना कामासाठीं दारोदार फिरण्याची पाळी आली. अशा पडत्या काळांत मँचेस्टरनें जगाला एक निराळाच माल दिला. तो म्हणजे ‘पंक’ आणि त्यांतून पुढें निघालेलें ‘न्यू वेव्ह’, अर्थात् नवी लाट, या नांवाचें संगीत. या संगीताचा जन्म मँचेस्टरांत झाला नाहीं. परंतु त्याचें मर्म मात्र तेथें फार स्पष्टपणें दिसून येतें.

‘पंक’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ उनाड, कवडीमोलाचा मनुष्य असा आहे. १९७० नंतरच्या काळांत पाश्चात्य रॉक संगीत श्रीमंत झालें होतें. एकेका गाण्यास वीस-वीस मिनिटें लागत; वाद्यें इतकीं महाग कीं सामान्य मुलानें तीं दुकानाच्या कांचेआडूनच पाहावीं; आणि गाणारे व ऐकणारे यांच्यांतील अंतर दिवसेंदिवस वाढत चाललें होतें. न्यूयॉर्क शहराच्या बावरी भागांतील एका लहानशा पानगृहांत १९७४ पासून कांहीं तरुण मंडळी याच्या अगदीं उलट गाऊं लागली. त्यांपैकीं रमोन्स या मंडळीची पहिली मोठी तबकडी १९७६ च्या एप्रिलांत निघाली. तींत १४ गाणीं होतीं, आणि तीं सारीं मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपत. दोन-तीन स्वरमेळ, धांवता ताल, आणि जें सांगावयाचें तें सांगून मोकळें होणें, एवढाच त्यांचा व्यवहार.

लंडनमध्यें हीच वृत्ति सेक्स पिस्टल्स या मंडळीनें अंगीकारली. तिच्याविषयींचा मजकूर एका संगीतविषयक साप्ताहिकांत वाचून बोल्टन येथील महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी १९७६ च्या फेब्रुवारींत मोटार घेऊन दक्षिणेकडे तिचें गाणें ऐकण्यास गेले. एकानें पुढें हॉवर्ड डेव्होटो व दुसऱ्यानें पीट शेली असें नांव धारण केलें. ऐकून ते इतके भारावले कीं या मंडळीस आपल्या शहरीं आणावयाचेंच, असा त्यांनीं निश्चय केला, आणि मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील वरचें लहान दालन भाड्यानें घेतलें.

या वास्तूचा पूर्वेतिहासही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं याच परिसरांत मताधिकार मागण्यासाठीं जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घालण्यांत आले व अनेकांचे प्राण गेले. इतिहासांत ही घटना पीटर्लूची कत्तल म्हणून प्रसिद्ध आहे. पुढें धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ सालीं रद्द झाले, त्याचें स्मारक म्हणून त्याच भूमीवर हें सभागृह उभारलें गेलें. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हतें अशांचें स्मरण त्या जागेला पूर्वींपासूनच चिकटलेलें होतें.

४ जून १९७६ रोजीं तेथें सेक्स पिस्टल्सचें गाणें झालें. तिकीट ५० पेन्स. डेव्होटो व शेली यांची स्वतःची ‘बझकॉक्स’ ही मंडळी त्याच रात्रीं वाजविणार होती. पण तिची तयारीच झालेली नव्हती. श्रोते जेमतेम चाळीसेक असावेत. पुढें मात्र त्या रात्रीं आपण तेथें होतों असें सांगणारे इतके निघाले कीं तेवढ्यांना तें दालन दहा वेळां भरूनही पुरलें नसतें. खरोखर जे होते त्यांत सॅल्फर्डचे दोन शाळासोबती, बर्नार्ड समनर व पीटर हूक, हे होते. समोरची मंडळी कांहीं असामान्य वाजवीत नाहीं, आणि तरीही कोणाची परवानगी न मागतां ताठ मानेनें उभी आहे, हें त्यांनीं पाहिलें. दुसऱ्याच दिवशीं हूकनें एक मंद्र स्वराचें गिटार विकत आणलें. तें वाजवितां येत नव्हतें, ही अडचण त्यास अडचण वाटली नाहीं. २० जुलैस पिस्टल्स पुन्हां तेथें आले, तेव्हां बझकॉक्सही त्यांच्यासंगें रंगमंचावर उभे राहिले.

एव्हांपर्यंत तबकडी काढावयाची तर लंडनच्या बड्या कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागत. बझकॉक्सनीं मित्रांकडून व आप्तांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजीं मँचेस्टरांतच चार गाणीं मुद्रित केलीं, आणि १९७७ च्या जानेवारी-अखेर ‘स्पायरल स्क्रॅच’ या नांवानें स्वतःच प्रसिद्ध केलीं. प्रथम १००० प्रती काढल्या होत्या. पुढें सुमारे १६००० खपल्या. त्या तबकडीच्या वेष्टनावर कोणतें गाणें कितव्या प्रयत्नास साधलें हेंही छापलें होतें. सुगरणीनें पदार्थ वाढावा आणि त्याची कृतीही सांगून टाकावी, तसाच हा प्रकार झाला. ती वाचून गांवोगांवच्या मुलांनीं आपापल्या तबकड्या काढल्या. या संगीतानें केलेली सर्वांत मोठी क्रांति ती हीच.

या संगीताचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. त्यांत उर्मटपणा होता, रंगमंचावर थुंकण्याची ओंगळ चाल होती, आणि केवळ वडीलधाऱ्यांस डिवचावें म्हणून नाझींचें स्वस्तिक अंगावर मिरविणारेही कांहीं निघाले. ज्या पिढीनें त्या चिन्हाविरुद्ध लढतांना माणसें गमावलीं तिच्या डोळ्यांदेखत हें करणें क्रूरपणाचें होतें. परंतु त्याच पंथांतून त्याला उत्तरही निघालें. वर्णद्वेषाविरुद्ध १९७६ सालीं ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ सुरू झाली. ३० एप्रिल १९७८ रोजीं लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कांत, व त्याच वर्षीं जुलैमध्यें मँचेस्टरच्या अलेक्झांड्रा पार्कांत, तिचे प्रचंड मेळावे भरले. मँचेस्टरच्या मेळाव्यांत बझकॉक्स आणि बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीय तरुणांची स्टील पल्स ही मंडळी एकाच मंचावरून गायिली.

आतां नव्या लाटेविषयीं. पंक हा शब्द दुकानदारांस व रेडिओवाल्यांस रुचत नसे, म्हणून व्यापाऱ्यांनीं ‘न्यू वेव्ह’ हें सौम्य नांव पुढें केलें, असें म्हणतात तें पुष्कळसें खरें आहे. तथापि नांवामागें वस्तूही होती. ज्यांनीं न शिकतां आरंभ केला ते आतां शिकूं लागले होते. समनर व हूक यांस इयन कर्टिस हा गायक आणि स्टीफन मॉरिस हा तालवादक मिळाला, व १९७८ च्या आरंभीं या मंडळीनें ‘जॉय डिव्हिजन’ हें नांव घेतलें. समनरच्या गिटारच्या गजरांत हूकला आपले खालचे स्वर ऐकूं येत नसत, म्हणून तो वरच्या तारांवर सूर धरूं लागला. गैरसोयींतून निघालेली ही युक्ति पुढें त्याची ओळख होऊन बसली. १९७९ च्या जूनमध्यें निघालेली त्यांची पहिली मोठी तबकडी ऐकावी. तींत पंकची आरडाओरड नाहीं. ताल दूरवरच्या कारखान्यासारखा पडतो, आणि त्यांतून कर्टिसचा खर्जांतला स्वर एकाकी माणसासारखा चालत येतो. हा कर्टिस दिवसा मॅक्लसफील्डच्या रोजगार कचेरींत अपंगांना काम मिळवून देण्याच्या खात्यांत नोकरी करीत असे. त्यास स्वतःला अपस्माराचा विकार जडला होता. १८ मे १९८० रोजीं, मंडळी अमेरिकेस निघण्याच्या आदल्या दिवशीं, त्यानें आपलें जीवन संपविलें. वय अवघें २३ वर्षांचें.

मागें राहिलेल्यांनीं वाद्यें खालीं ठेवलीं नाहींत. ‘न्यू ऑर्डर’ या नव्या नांवानें ते पुन्हां उभे राहिले, आणि १९८३ च्या मार्चमध्यें त्यांचें ‘ब्लू मंडे’ हें गाणें निघालें. त्यांतील सुरावट चालविणारें विद्युत् यंत्र समनरनें सुटे भाग आणून आपल्या हातानें जोडलेलें होतें. सात मिनिटांहून लांब असें हें गाणें बारा इंची एकगीती तबकड्यांमध्यें सर्वांत अधिक खपणाऱ्यांत गणलें गेलें. सात वर्षांपूर्वीं ५० पेन्सांचें तिकीट काढून बसलेल्या मुलाचा हा प्रवास आहे.

आधीं विद्या संपादन करावी, मग तोंड उघडावें, असा पुष्कळ शाळांचा शिरस्ता आहे. आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. रियाजावांचून गळा तयार होत नाहीं हें कोण नाकारील? परंतु मँचेस्टरच्या या मुलांचा क्रम उलटा होता. त्यांनीं आधीं तोंड उघडलें. आणि आपलें म्हणणें कोणी ऐकतो असें दिसल्यावर, तें नीट सांगतां यावें म्हणून विद्येच्या मागें लागलीं. ज्यांच्या वांट्यास बेकारी व ओस गिरण्या आल्या, त्यांना आधीं पात्र व्हा असें सांगितलें असतें तर त्यांपैकीं बहुतेक जन्मभर मुकेच राहिले असते. फ्री ट्रेड हॉलमधील संगीत १९९६ सालीं थांबलें आणि आज त्या जागीं हॉटेल आहे. पण एखाद्या लहान गांवीं एखादें मूल न येणारें वाद्य हातीं घेऊन बसतें, तेव्हां त्याला हंसण्यापूर्वीं श्रोत्यांनीं त्या चाळीस माणसांची आठवण अवश्य करावी.