थळच्या किनाऱ्यावरील एक कुमार-कादंबरी

अनिता देसाई हे नाव उच्चारताच वाचकांना आठवते ती प्रौढांची, मनाच्या मिटलेल्या दालनांत वावरणारी कादंबरी. 'क्राय, द पीकॉक' (१९६३) पासून 'क्लिअर लाइट ऑफ डे' (१९८०) पर्यंत त्यांची पात्रे बहुधा शहरी, सुखवस्तू आणि आतून एकाकी. 'फायर ऑन द माउंटन' या कादंबरीला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता, तर 'क्लिअर लाइट ऑफ डे' बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचली होती. अशा लेखिकेने १९८२ साली अलिबागच्या उत्तरेस असलेल्या थळ गावातील भावंडांची कहाणी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिली. 'द व्हिलेज बाय द सी' हे त्या पुस्तकाचे नाव. दुसऱ्याच वर्षी तिला इंग्लंडातील 'गार्डियन' वृत्तपत्राचे बालसाहित्य पारितोषिक मिळाले.

याआधी 'द पीकॉक गार्डन' आणि 'कॅट ऑन अ हाउसबोट' ही दोन छोटी पुस्तके त्यांनी मुलांसाठी लिहिली होती. सागरकिनाराही त्यांना नवा नव्हता. १९७५ च्या 'व्हेअर शॅल वुई गो धिस समर?' या कादंबरीत मुंबईजवळचे मनोरी आहे. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचे वास्तव्य असलेले तेच मनोरी. पण तिथे समुद्र आणि गाव मागे राहतात, समोर असते ते सीता नावाच्या गर्भवती स्त्रीचे अस्वस्थ मन. थळमध्ये मात्र गावच पुढे आले. कुमारांसाठी लिहिताना लेखिकेला स्वगतांचा आश्रय सोडून चूल, होडी, कर्ज आणि औषध यांचा हिशेब मांडावा लागला, आणि माझ्या मते त्यात त्यांच्या लेखणीचे कल्याणच झाले.

थळला इतिहासाची सवय आहे. समोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्ग बांधावयास घेतला तेव्हा इंग्रजांशी झालेला झगडा याच पाण्यात झाला, आणि लगोलग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट उभारला. त्यानंतर तीन शतकांनी जे आले ते समुद्रातून आले नाही. मुंबई हायचा नैसर्गिक वायू वापरून थळ-वैशेत येथे प्रचंड खत प्रकल्प उभारण्याचे ठरले. १९७८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही सरकारी कंपनी तो उभारणार होती. जागेच्या निवडीला मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले त्याच १९८१ साली, नोव्हेंबरमध्ये, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवण्याविषयी कळविले. पुस्तक प्रसिद्ध झाले ते या वातावरणात.

थळ हे खरे गाव असून पात्रेही तिथल्या माणसांवरून घेतली आहेत, केवळ नावे बदलली आहेत, असे लेखिकेनेच सांगून ठेवले आहे. तेरा वर्षांची लीला, बारा वर्षांचा हरी, दोन धाकट्या बहिणी, अंथरुणाला खिळलेली आई आणि ताडीच्या आहारी गेलेला बाप, असे हे घर. कारखाना येणार ही वार्ता गावात पसरते. रामूसारख्या पोरांना त्यात नोकरी दिसते, शेतकऱ्यांना जमीन जाताना दिसते. हरी या शेतकऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या मोर्चाबरोबर मुंबई गाठतो.

मोर्चाचा प्रसंग पुस्तकातील सर्वांत कडू आहे. गावकऱ्यांना जमायला सांगितलेले असते काळा घोडा येथे, पण तिथे घोडाच नाही! सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच तिथून हलविण्यात आला होता. नसलेल्या घोड्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी ही माणसे दाद मागायला उभी राहतात, आणि शहर आपल्या कामाला निघून जाते. मोर्चा परततो. हरी मात्र मागे राहतो, जग्गूच्या खानावळीत राबतो आणि शेजारच्या वृद्ध पानवाला यांच्याकडून घड्याळदुरुस्ती शिकतो.

इकडे घर सांभाळते ती लीला. सुट्टीत मुंबईहून येणाऱ्या डिसिल्व्हा कुटुंबाकडे ती काम धरते आणि त्यांच्याच मदतीने आई अलिबागच्या इस्पितळात पोहोचते. आडनावावरून हे कुटुंब आपल्यापैकी वाटते, पण लेखिकेने त्यांना देवदूत केलेले नाही. ते भल्या मनाचे सुट्टीकर आहेत, इतकेच.

दिवाळीला हरी परततो तो कोंबडीपालनाचा आणि घड्याळदुरुस्तीचा बेत घेऊन. पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळायला आलेले सय्यद अली बाबू त्याची वाखाणणी करतात: जग बदलते, त्याप्रमाणे बदलेल तोच तगेल. या पात्रात डॉ. सालिम अली ओळखू येतात. १९३० मध्ये त्यांनी जवळच्याच किहीमला सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला होता. हा उपदेश मला मात्र खटकतो. जुळवून घ्यायचे ते नेहमी हरीनेच का? मुंबईहून दुर्बीण घेऊन आलेल्याला हे म्हणणे सोपे असते. बाप एकाएकी व्यसन सोडतो आणि आई बरी होते, हेही कुमारवाङ्मयाच्या रीतीला धरून थोडे गोड झाले आहे.

पण ज्या गोष्टीत लेखिकेला सहज खोटे बोलता आले असते तिथे त्या बोललेल्या नाहीत. मोर्चा जिंकल्याचे त्यांनी दाखविले नाही आणि कारखाना रद्द केला नाही. प्रत्यक्षातही तो झाला नाही. १९८५ मध्ये थळचा प्रकल्प सुरू झाला. १९९२ मध्ये बीबीसीने या कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका केली, तोवर कथेतला हरी खरोखर असता तर बाविशी ओलांडून गेला असता, आणि रामूला कारखान्यात नोकरी लागली की नाही हेही ठरून गेले असते.