साधी किंमत आणि तिचा डबा : जावास्क्रिप्टमधल्या एका तडजोडीचा इतिहास

आज मुलुंडमध्ये बोलतोय, तर सुरुवातही मुलुंडपासूनच करू. जावास्क्रिप्टमध्ये एका व्हेरिएबलमध्ये 'मुलुंड' ही स्ट्रिंग ठेवा. पुढच्या ओळीत तिला 'पिन' नावाची प्रॉपर्टी जोडून ४०००८० लिहा. स्ट्रिक्ट मोड नसेल तर एरर येत नाही. तिसऱ्या ओळीत तोच पिन परत मागा. उत्तर येतं, 'अनडिफाइन्ड'. प्रोग्रामनं तक्रार केली नाही, पण माहिती मात्र गेली. ती कुठे गेली, हे समजायला तीस वर्षं मागे जावं लागतं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. संख्या, स्ट्रिंग, खरं-खोटं सांगणारं बूलियन ही प्रिमिटिव्ह व्हॅल्यू, म्हणजे नुसती किंमत. तीच किंमत ऑब्जेक्टच्या आत ठेवली की झालं रॅपर ऑब्जेक्ट. पोळी आणि पोळीचा डबा, इतकं सरळ आहे हे.

आता १९९५ साल बघा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तिकडे मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी एका नव्या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला होता. त्यांचा ओढा स्कीम आणि सेल्फ या भाषांकडे होता. पण वरून हुकूम आला की भाषा दिसायला जावासारखी हवी. सन कंपनीच्या जावाचा तेव्हा मोठा बोलबाला होता. ४ डिसेंबरला दोन्ही कंपन्यांनी मिळून 'जावास्क्रिप्ट' हे नाव जाहीर केलं.

नावाबरोबर जावाची एक सवयही आली. जावात साधी संख्या वेगळी आणि तिचा ऑब्जेक्ट वेगळा. त्याला कारण होतं वेग आणि मेमरी. प्रत्येक आकड्यासाठी ऑब्जेक्ट बनवणं महाग पडायचं. त्याआधी स्मॉलटॉकनं सगळंच ऑब्जेक्ट मानून दाखवलं होतं, पण जावानं व्यवहार पाहिला. जावास्क्रिप्टमध्ये तीच वाटणी आली, ती मुख्यतः जावासारखं दिसण्यासाठी.

मग प्रश्न आला. नुसत्या स्ट्रिंगला मेथड कशी असणार? तोडगा असा की स्ट्रिंगची लांबी किंवा मेथड मागितली की भाषा त्या क्षणापुरता डबा बनवते, काम करून घेते आणि डबा टाकून देते. आपला पिन त्या डब्यावर लिहिला गेला होता. डब्याबरोबर तोही गेला.

हे नुसतं पुस्तकी नाही बरं का. अंधेरीच्या एका कार्यालयात असताना आमच्या बिलाच्या पानावर सगळ्याच ग्राहकांना सवलत मिळायला लागली. दोन दिवस आम्ही हिशेबाची सूत्रं तपासत बसलो. चूक निघाली एका शब्दाची. कुणीतरी 'सवलत नाही' हे सांगताना साधं 'फॉल्स' न लिहिता 'न्यू' लावून बूलियन ऑब्जेक्ट केला होता. आत फॉल्स, पण 'इफ' आत बघतच नाही. रॅपर समोर आलं की ते त्याला खरंच धरतं. आपला डबेवाला झाकणावरची खूण वाचतो, आतली भाजी बघत नाही, तसंच. आणखी एक गंमत : 'न्यू' लावून दोनदा 'अंधेरी' अशी स्ट्रिंग केली, तर त्या दोन्ही एकमेकींना समान ठरत नाहीत. मजकूर एकच, पण डबे दोन.

जून १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्टचं पहिलं प्रमाण आलं आणि हे नियम कागदावर पक्के झाले. २००८ मध्ये आइक यांनी स्वतःच लिहिलं की जावाचे हे संस्कार दुर्दैवी होते. त्यात त्यांनी दोन गोष्टींची नावं घेतली : तारखेतला वायटूकेचा घोळ आणि हा किंमत-ऑब्जेक्ट भेद. जावाच्याच पद्धतीनं वर्ष १९०० पासून मोजलं जायचं, म्हणून २००० साली काही पानांवर चक्क '१९१००' असं वर्ष झळकलं. तो घोळ निदान डोळ्यांना दिसला, म्हणून लोकांनी दुरुस्त केला. डब्याचा घोळ दिसत नाही, म्हणून तो राहिला.

काढून का टाकत नाहीत, असं तुम्ही विचाराल. जुनी असंख्य पानं त्याच नियमांवर चालतात, ती मोडायची कुणाची तयारी नाही. म्हणून दुरुस्ती कडेकडेनं झाली. २००९ च्या स्ट्रिक्ट मोडमध्ये तो पिन लिहायला गेलात तर सरळ एरर येते. २०१५ मध्ये सिम्बॉल आणि २०२० मध्ये बिगइंट आले, तेव्हा त्यांना 'न्यू' लावायलाच बंदी केली. नव्या घरात जुनी चूक नको, एवढं तरी शिकलो.

तेव्हा उद्या कोड लिहाल तेव्हा स्ट्रिंग, नंबर, बूलियन यांच्या आधी 'न्यू' दिसला तर थांबा. आत काय आहे ते नंतर विचारा. आधी विचारा, हाती पोळी आहे की डबा? आता प्रश्न घेऊ.