ज्याचं काडतूस दुकानात मिळत नव्हतं ते पिस्तूल: ऑटो मॅगची गोष्ट

आजचा भाग थोडा वेगळा आहे. राजे नाहीत, किल्ले नाहीत, लढाई नाही. आज एका पिस्तुलाची गोष्ट आहे, जे फार थोड्या लोकांच्या हातात पडलं. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट बंदुकीपेक्षा धंद्याची जास्त आहे.

आधी एक प्रश्न. हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर-स्ट्राइक कोणी कोणी खेळलंय? मग डेझर्ट ईगल तुम्हाला माहीत आहेच. दोन गोळ्यांत समोरचा आडवा, पण नेम चुकला की संपलंच. आम्ही बीटेकच्या दुसऱ्या वर्षात असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिच्यावरून भांडायचो. तेव्हा मला वाटायचं की एवढं दांडगं पिस्तूल बनवायची कल्पना पहिल्यांदा याच लोकांना सुचली असणार. तसं नाहीये. त्याच्या दहाएक वर्षं आधी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पॅसाडीना गावात हॅरी सॅनफोर्ड नावाच्या माणसाने ते करून दाखवलं होतं. त्याच्या पिस्तुलाचं नाव ऑटो मॅग.

आता थोडं मागे जाऊया. 'मॅग्नम' हा शब्द मुळात दारूच्या मोठ्या बाटलीचा. तीच कल्पना काडतुसाला लावली: त्याच जाडीची गोळी, पण मागे दारू जास्त. १९५०च्या दशकाच्या मध्यात .४४ मॅग्नम काडतूस आलं. ते रिव्हॉल्व्हरसाठी होतं. १९७१ साली 'डर्टी हॅरी' सिनेमात क्लिंट ईस्टवूडच्या हातात होतं ते हेच, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९. सिनेमा चालला आणि .४४ मॅग्नम हे नाव बंदुकीशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनाही पाठ झालं.

पण सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात हे काडतूस घालायचं म्हटलं की दोन अडचणी येतात.

पहिली अडचण काडतुसाच्या आकाराची. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली एक कड असते. फिरत्या सिलिंडरमध्ये काडतूस त्या कडेवर अडकून राहतं, म्हणून तिथे ती कामाची. पिस्तुलात मात्र काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. तिथे एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकते आणि पिस्तूल जाम होतं.

दुसरी अडचण दाबाची. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पिस्तुलाची मागची बाजू घट्ट बंद राहायला हवी. नेहमीच्या पिस्तुलातली यंत्रणा साध्या काडतुसाला पुरते. मॅग्नमसाठी काहीतरी जास्त दणकट लागतं.

सॅनफोर्डच्या टीमने दुसऱ्या अडचणीवर काढलेला उपाय मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. त्यांनी रायफलची पद्धत उचलली. पुढच्या टोकाला दाते असलेला गोल बोल्ट फिरतो आणि दाराच्या कडीसारखा लॉक होतो. एम-१६ रायफलमध्येही अशीच रचना आहे. गोळी सुटल्यावर नळी आणि बोल्ट मिळून थोडे मागे सरकतात, मग बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. धक्क्याचा काही भाग या हालचालीतच जिरतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा हाताला बसणारा झटका सौम्य वाटतो. वर मॅगझिनमध्ये सात काडतुसं, म्हणजे रिव्हॉल्व्हरपेक्षा एक जास्त.

शिवाय सगळं अंग स्टेनलेस स्टीलचं. त्या काळी पिस्तुलांमध्ये ही नवीच गोष्ट होती. त्याचा फोटो एकदा बघा. लांब नळी, वरून जाणारी जाळीदार पट्टी, चंदेरी रंग. १९७१चं वाटतच नाही. वजन सुमारे दीड किलोच्या वर, म्हणजे माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपएवढं. पोलिसाने दिवसभर कमरेला लावून फिरावं अशी ही वस्तू नाही. पण हातातल्या पिस्तुलाने शिकार करणाऱ्या अमेरिकन हौशी लोकांना असंच काहीतरी हवं होतं.

आता पहिल्या अडचणीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. कड अडकते ना? मग बाजारातलं .४४ मॅग्नम वापरायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बिनकडेचं स्वतःचं नवीन काडतूस काढलं. त्याचं नाव .४४ एएमपी. कागदावर एकदम स्वच्छ उपाय. फक्त हे काडतूस दुकानात मिळत नव्हतं.

म्हणजे बघा, तुम्ही हौसेने पिस्तूल घेऊन घरी आलात. आता गोळ्या? त्या तुम्हीच बनवायच्या! रायफलच्या .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, ती कापून आखूड करायची, तोंड आतून घासून पातळ करायचं आणि मग भरायची. अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे हौशी लोक खूप आहेत, त्यांना हे जमत होतं. पण पुंगळी नीट घासली गेली नाही की पिस्तूल अडकायचं, आणि नाव खराब व्हायचं ते पिस्तुलाचं. पुढे मेक्सिकोतल्या एका कारखान्याने तयार काडतुसं काढली, स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने पुंगळ्या दिल्या. पण कुठल्याही गावातल्या दुकानात जाऊन एक डबा उचलावा, अशी सोय कधीच झाली नाही.

दुसरं दुखणं स्टीलचं. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की पृष्ठभाग एकमेकांना धरतात, ओरखडे पडतात. त्यामुळे पिस्तुलाला वंगण सतत आणि नीट लागायचं. शिवाय हे स्टील कापायला चिवट, भाग बारीक आणि अचूक, म्हणजे बनवायचा खर्च मोठा. आणि किंमत किती ठेवली होती? साधारण २१७ डॉलर. जितकी पिस्तुलं विकली जात होती तितका तोटा वाढत होता. १९७१मध्ये विक्री सुरू झाली आणि १९७२मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. तोपर्यंत पॅसाडीनात तीन हजार पिस्तुलंही पूर्ण झाली नव्हती.

पुढे इतर कंपन्यांनी ते सुटे भाग आणि नाव घेऊन १९८२पर्यंत कसंबसं उत्पादन चालू ठेवलं. सगळे मिळून आकडा नऊ हजारांच्या आसपास. आणि गंमत म्हणजे १९८३मध्ये 'सडन इम्पॅक्ट' आला. डर्टी हॅरीच्या हातात या वेळी ऑटो मॅग होतं! जगभरच्या लोकांनी ते पडद्यावर बघितलं, तेव्हा ते बनवणं बंद झालेलं होतं.

इथे थोडं माझं सांगतो. माझी पहिली नोकरी एका छोट्या स्टार्टअपमध्ये होती. आम्ही माती तपासायचं एक यंत्र बनवायचो. यंत्र खरंच छान होतं, त्यातला बराच कोड मी लिहिला होता. पण त्यात लागणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या फक्त आमच्याकडे मिळायच्या. बाजारातल्या पट्ट्यांवर आमच्या सेन्सरचं रीडिंग हलायचं, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा स्वतःच्या पट्ट्या काढणं आम्हाला सोपं वाटलं. मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने सगळ्यात जास्त मीच बोललो होतो. किंमतही कमीच ठेवली होती, आधी ग्राहक येऊ देत म्हणून. दीड वर्षात पैसे संपले. शेवटच्या महिन्यात सपोर्टचा फोन माझ्याकडे होता. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांचा फोन आला. म्हणाले, "दादा, मशीन एक नंबर आहे तुमचं. फक्त पट्ट्या कुठं मिळतील तेवढं सांगा." मी सांगितलं की आता नाही मिळणार. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

ऑटो मॅगबद्दल वाचताना मला ते काका आठवले. अवघड काम कुणीतरी करावंच लागतं. ते आपण कारखान्यात केलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पडतं. सॅनफोर्डच्या लोकांनी कडेची अडचण टाळली आणि ती गिऱ्हाइकाच्या टेबलावर गेली.

डेझर्ट ईगलवाल्यांनी नेमकं इथेच वेगळं केलं. अमेरिकेतल्या मॅग्नम रिसर्च आणि इस्रायलच्या सरकारी शस्त्र कारखान्याने मिळून हे पिस्तूल १९८०च्या दशकात आणलं. बोल्ट त्यातही फिरणारा, फक्त तो गॅसच्या दाबावर चालतो. पण काडतूस? कडेवालंच! आधी .३५७ मॅग्नम, मग .४४ मॅग्नम. कड अडकणार नाही असं मॅगझिन बनवायची डोकेदुखी त्यांनी स्वतः घेतली. गिऱ्हाइकाने फक्त दुकानात जायचं. तेही जड आहे, महाग आहे, पण आजही बनतं.

सॅनफोर्डलाही ते समजलं असावं. त्याच्या पुढच्या एएमटी या कंपनीने १९८७मध्ये ऑटोमॅग टू काढलं. त्यात .२२ मॅग्नम हे काडतूस होतं, जे तिथे कुठल्याही दुकानात मिळतं.

आज मूळ ऑटो मॅग संग्राहकांच्या कपाटात आहे आणि महागडं आहे. दुर्मिळ आहे म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. मलाही ते आवडतं, मी त्याच्या बोल्टचे व्हिडिओ तासभर बघितलेत. पण ते दुर्मिळ का झालं हे विसरू नका. आमच्या यंत्राचा एक नग माझ्याकडेही आहे, टेबलाच्या खालच्या खणात. चार्ज केलं तर अजून सुरू होतं.

तुमच्या घरात असं काही पडलंय का, जे चालतं पण ज्याला लागणारी वस्तू आता मिळत नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूया!